कोरलेला टायर

"गाडी कुणाची हाय?"

हा प्रश्न मला पेट्रोल पंपावर विचारला जातो, पंक्चरवाल्याकडे विचारला जातो, कोर्टाच्या फाटकावर तर नवा पोलीस आला की हमखास. मी गाडीवर बसलेली, हेल्मेट माझ्या डोक्यावर, हातमोजे माझ्या हातात, किल्ली मी फिरवलेली. आणि समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारतो, गाडी कुणाची हाय. एकदा मी चिडून ओरडले, "माझ्या बापाची!" तर त्याला ते खरंच वाटलं. मागं आबा बसलेले होते ना. त्यानं आबांना विचारलं, "काका, किती देते?" आबा म्हणाले, "मला काय ठाव? तिला इचार." तरी त्या माणसानं मला विचारलं नाही. चावी घेऊन विहिरीत उडी मारावी असं वाटतं अशा वेळी.

मी बीडच्या कोर्टात टायपिंगचं काम करते आणि नेकनूरला राहते. रोज जाऊन येऊन साठ किलोमीटर. एसटी आहे, पण ती तिच्या मर्जीनं आहे. चार वर्षांपूर्वी मी पुण्याच्या एका डॉक्टरची वापरलेली मोठी मोटरसायकल घेतली. लांबच्या प्रवासाला बनवलेली, पुढं वारा अडवायला काच, मागं दोन्ही बाजूंना पेट्या, आणि तरी वळणावर अशी लवते की जीव खूश होतो. घेतली त्या दिवशी माझ्या थोरल्या भावानं मला फोनवर अर्धा तास झाडलं. तो बीडला क्लासमध्ये गणित शिकवतो, आणि जगातल्या प्रत्येकाला तो विद्यार्थीच समजतो. म्हणाला, "नवरा सोडला, आता हात-पाय सोडायचेत का?" मी फोन आपटला. त्याचं शेवटचं वाक्य मात्र ऐकू आलं होतं. "आबा तुझ्या मागं बसणार असतील तर एक ध्यानात ठेव. एकदा जरी पडलात, तर आबा माझ्याकडं. मग मी तुझं काही ऐकणार नाही."

आबांना बीडला जायचं नव्हतं. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं ते बसणार काय करत? आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. कलकत्त्यापर्यंत गेलेला. काचबिंदूनं दोन्ही बाजूंची नजर खाल्ली, तेव्हा गाडी सुटली, आणि माणूस ओट्यावर बसून नुसता आवाजावरून सांगायला लागला, कुणाच्या गाडीचं बेअरिंग गेलंय. माझी गाडी आली आणि त्यांना पुन्हा काम मिळालं. आई गेल्यानंतर आमच्या घरात दोनच माणसं, आणि तिसरी ती गाडी.

टायर कसा जपायचा हे मला आबांनी शिकवलं, कुठल्या मेकॅनिकनं नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, आणि आपल्या स्वतःच्या मीटरनं. पंपावरचा माणूस अंगठ्यानं दाबून सांगतो, "फुल्ल हाय म्याडम." अरे मेल्या, तुझा अंगठा काय कंपनीनं छापून दिलाय का? हवा कमी असली की टायर कडेनं झिजतो, जास्त असली की मधोमध. गचकन ब्रेक मारायचा नाही. झटका देऊन गाडी काढायची नाही. चेन स्वच्छ आणि सारख्या ताणाची, नाहीतर मागच्या चाकाला हिसके बसतात. उन्हात गाडी तासन् तास उभी करायची नाही. कोर्टात लिंबाची सावली मिळावी म्हणून मी सगळ्यांच्या अर्धा तास आधी जाते, आणि लोकांना वाटतं बाई कामाची फार.

रविवारी आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना बसायचो. टायरच्या खाचांत अडकलेले खडे आबा खिळ्यानं काढायचे. दिसत नसलं तरी बोटाला कळायचं. मग तळहात टायरवरून एकदा पुढं, एकदा मागं. "हितं कड उठली बघ. तू उजवीकडच्या वळणाला भ्यातीस." आणि ते खरं असायचं, तेच तर चीड आणायचं. त्यांच्या ट्रकला कधी लिंबू-मिरची बांधलेली नव्हती. आम्ही विहारात जाणारी माणसं, ते आमच्यात नाहीच. पण दुसरे ड्रायव्हर विचारायचे तेव्हा आबा धम्माबिम्माचं काही बोलायचे नाहीत. म्हणायचे, "लिंबू बांधून टायरात हवा येत न्हाई बे."

आता त्या वकिलाकडं येते.

कोर्टात एक तरुण वकील आहे. त्याच्याकडं माझ्यासारखीच गाडी, पण नवी, बापानं घेऊन दिलेली. येताना फाटकातून आवाज करत यायचं, उभी करताना मागचं चाक फरफटवायचं. त्याचा मागचा टायर बारा हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाला. माझा तेव्हा चौदा हजारांवर होता आणि खाचा शाबूत. मी तसं बोलून दाखवलं. बोलून काय दाखवलं, चांगली मिरवले. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, टायर पायात नसतो, हातात असतो." तो हसला आणि म्हणाला, "ताई, तुमी बायकांसारखी चालवता, म्हणून टिकतो."

तळपायाची आग मस्तकाला गेली. तिथंच पैज लागली. माझा टायर वीस हजारांवर जाईल. त्या दिवशी मीटरचा आणि टायरचा फोटो, आणि टायरवर नक्षी दिसली पाहिजे, ही त्याची अट. हरणाऱ्यानं सगळ्या कोर्टाला जिलेबी. जिलेबीसाठी मी टायर जपत नव्हते हे देवाशपथ, म्हणजे आम्हाला देवही नाही, तर आईशपथ सांगते. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

टायरच्या खाचेच्या तळाशी कंपनीनं एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला, बदलायचा, यात चर्चा नाही. हे मी दहा जणांना सुनावलंय. माझा टायर त्या उंचवट्याला साडेअठरा हजारांवर लागला. ऊन मी म्हणत होतं, डांबर पाघळलेलं. मी बदलला का? नाही. हळू चालवू म्हटलं. दीड हजार किलोमीटर म्हणजे काय, महिन्याचा प्रश्न. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची शाळा घेतली असती.

आणि मी घरी येऊन आबांसमोर रोज तोच विषय. "आबा, आकडा होईल हो, पण मधली नक्षी पुसत चाललीय. नक्षी नसली तर तो वकील मला जिंकू देत न्हाई." आबा भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "हं." त्यांच्या त्या 'हं'कडं मी लक्ष द्यायला हवं होतं.

एका रविवारी उमापूरला मावशीच्या नातीचं बारसं होतं. मावशीनं आधीच बजावलं होतं, "ते धूड घेऊन येऊ नको, लोक बाळाला सोडून तुलाच बघत बसत्यात." म्हणून मी एसटीनं गेले. आबा डोळ्यांमुळं घरीच. परत आले तर अंगण झाडून लख्ख, गाडी पुसलेली, आणि आबा ओट्यावर पाय पसरून बसलेले, चेहऱ्यावर असं काही की जणू ट्रक भरून माल सुखरूप पोचवलाय. मी दमलेले. जेवून झोपले.

सोमवारी सकाळी हवा बघायला टायरजवळ बसले आणि बघतच राहिले. मधल्या खाचा खोल झाल्या होत्या. नवी नक्षी. माझ्या लगेच लक्षात आलं. ट्रकचा टायर झिजला की तापवलेल्या पात्यानं त्याच्या खाचा पुन्हा कोरतात. ट्रकच्या टायरला खाली जाड रबर असतं, कोरण्यासाठीच ठेवलेलं, त्यावर अजून चार-सहा महिने निघतात. आबांच्या पेटीत ते पातं होतं, लाकडी मुठीचं. म्हाताऱ्यानं गॅसवर पातं तापवून, बोटांनी चाचपत, दिवसभर बसून माझ्या मोटरसायकलचा टायर कोरला होता. मी पैज हरू नये म्हणून.

पण मोटरसायकलच्या टायरला खाली ते जाड रबर नसतं. तिथं खाली लगेच दोरे असतात, त्यांच्यावरच सगळा टायर उभा असतो. मी तळहात फिरवला. एका जागी, वीतभर लांबीत, बोटाला खरखर लागली. वाकून बघितलं. दोरा दिसत होता.

आता मी खरं लिहिते. इतक्या दिवसांनी तरी खरं लिहावं. मी नंतर स्वतःला सांगितलं की त्या वेळी मी गप्प बसले ती आबांसाठी. बिचाऱ्यांनी दिवसभर खपून केलं, त्यांचं मन कशाला मोडा. खोटं आहे ते. दोरा बघून माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की मीटर एकोणीस हजार आठशेवर आहे, आणि आता नक्षी आहे. चार दिवस. फक्त चार दिवस. आबांची आठवण मला त्याच्या नंतर झाली.

आबांचा त्या दिवशी बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर होता. एरवी ते माझ्या मागंच बसून यायचे. साडेसातची एसटी समोर उभी होती. मी एकदा एसटीकडं बघितलं. त्यांना एसटीत बसवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कावून? मग सांगावं लागलं असतं. मी हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बसा आबा."

आबा क्षणभर उभे राहिले. मग हेल्मेट घातलं, माझ्या खांद्याला धरलं आणि बसले.

मांजरसुंबा ओलांडून घाट उतरायला लागलो. मी हळू होते, अगदी म्हातारीसारखी हळू. डावीकडच्या वळणाला गाडी जराशी लववली आणि मागून फट्‌ असा आवाज आला. मोठा नाही. कुणी ओलं फडकं आपटावं तसा. मागचं चाक माझं राहिलंच नाही. मी ब्रेकला हात लावला नाही, गाडी सरळ करायला गेले, जवळजवळ केलीही. पण आबा उजवीकडं सरकले आणि आम्ही दोघं पडलो. माझं जॅकेट फाटलं, कोपर सोललं. आबा रस्त्याच्या कडेला खडीवर बसलेले, डावा हात मांडीवर धरलेला, आणि तो हात मनगटातून भलत्याच दिशेला वळलेला.

वर मेंढरं घेऊन एक धनगर उभा होता, तो धावत आला. त्याच्याकडच्या बाटलीतलं पाणी आबांच्या तोंडाला लावलं, त्यांना उचलून सावलीत नेलं, दुखऱ्या हाताला स्वतःचा पंचा बांधला. देवमाणूस. आणि मग त्या देवमाणसानं गाडीकडं बघत आबांना विचारलं, "बाबा, एवढ्या वयात इतकी मोठी गाडी चालवाय जाता कावून वो?"

एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मी खाली मान घालून उभी राहिले. आणि आबा म्हणाले, "व्हय बाबा. चुकलंच."

एका जीपवाल्यानं बीडला नेलं. मनगटाची दोन हाडं मोडलेली, खांद्याला मार. भाऊ क्लास सोडून आला. त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं तेवढ्यात आबा पलंगावरून म्हणाले, "तिला कायबी बोलू नको. टायर मी कोरलता. तिला ठावंच न्हवतं. ती उमापूरला गेलती."

भावानं मग आबांना धरलं. दवाखान्यात, माणसांसमोर. "तुमाला दिसत न्हाई, कळत न्हाई का तुमाला? ट्रक हाय का तो? कोण म्हणलं होतं तुमाला हात लावा म्हणून? मारली असती ना पोरगी!" आबा ऐकून घेत होते. प्लास्टरचा हात पोटावर धरून, नजर भिंतीकडं. कोर्टात साक्षीदार खोटं बोलायला लागला की माझी बोटं की-बोर्डवर आपटायला लागतात, एवढी मला चीड येते. आणि मी तिथं उभी होते. माझं हे तोंड, ज्याला सगळं नेकनूर भितं, ते उघडलं नाही. भाऊ मला म्हणाला, "तू रडू नको, तुझी काय चूक?" आणि मी खरंच रडत होते, म्हणजे ते नाटकही मी पूर्ण केलं.

आबा भावाकडं राहिले. त्याच आठवड्यात भाऊ नेकनूरला आला आणि आबांची पेटी उचलून घेऊन गेला. पातं, खिळे, पान्हे, सगळं भंगारात घातलं. मी दार उघडून दिलं त्याला.

दीड महिना मी एसटीनं गेले. गाडी अंगणात उभी. वकिलानं गाडी का आणत नाही विचारलं, तर मी म्हणाले, पडले. तो खरंच हळहळला, चहा पाजला. तोही मला गिळवला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि त्याच्यापाशी राग धरण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

प्लास्टर निघालं त्या रविवारी मी भावाच्या घरी गेले. भाऊ निवळला होता. म्हणाला, आबा इथं राहत नाहीत, जेवत नाहीत, गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसतात. "ने त्यांना. आता पेटी न्हाई, काही कोरायला जाणार न्हाईत. तू आपली जपून चालवतेस, तेवढं मला कळतं." आबांची पिशवी भरून पलंगाशी ठेवलेली. दोन सदरे, औषधं, टॉवेल. भाऊ चहा टाकायला आत गेला.

मी आबांच्या जवळ बसले आणि हळू आवाजात सांगून टाकलं. "आबा, मला माहीत होतं. त्या दिवशी सकाळी दोरा दिसला होता मला. तरी तुमाला बसवलं."

आबा म्हणाले, "ठाव हाय मला."

"काय ठाव हाय?"

"कोरताना बोटाला लागलता की दोरा. एक जागा खोल गेलती. म्हणलं, सकाळी सांगावं. सांगू कसं, लाज वाटली. मग तू हात फिरवलास. त्याच जागेवर थांबलीस. मी ओट्यावर हुतो, हात थांबल्याला आवाजावरनं कळला मला."

माझं डोकं फिरलं. आवाज चढला, भान राहिलं नाही. "मग बसलात कावून? कळलं होतं तर बसलात कावून, आबा? मेला असता ना तुमी!"

"तू म्हणलीस बसा." मोडून सांधलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत ते म्हणाले, "मला वाटलं, तू बघितलंस, तर ठीक असंल. तुला माज्यापरीस जास्त कळतंय."

आतून भावानं विचारलं, "काय झालं? ओरडतेस कशाला?"

आबांनी माझा हात दाबला. गप राहा, म्हणून. त्यांचं म्हणणं मला स्पष्ट कळत होतं. गप राहिले तर तासाभरात आम्ही दोघं एसटीत, आणि दिवेलागणीला नेकनूरला, आमच्या ओट्यावर. भाऊ चहाचे कप घेऊन दारात उभा होता.

"कायी न्हाई," आबा त्याला म्हणाले, "मी टायर कोरलता त्याचंच..."

"तुमी गप बसा आबा," मी म्हणाले, आणि भावाला सगळं सांगितलं. दोरा सांगितला, आकडा सांगितला, पैज सांगितली, साडेसातची एसटी सांगितली. त्यानं कप खाली ठेवले. तो मला झाडेल, शिव्या देईल, याची मी वाट बघत होते, ते मला हवं होतं. तो माझ्याकडं वळलाही नाही. नुसता आबांकडं बघत राहिला.

आबांनी पिशवी मांडीवर घेतली, चांगल्या हातानं चाचपत टॉवेल बाहेर काढला, आणि उठून पुन्हा दारामागच्या खिळ्याला अडकवला.